डेड स्टॉकला नोंद करण्याआधी: टिंकरिंग लॅब मिळणाऱ्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी वस्तू जोडून-मोडून बघायच्या प्रयोगशाळा, उभारायची घोषणा झाली. २०१६ पासून साधारण १० हजार उभ्या राहिल्याच होत्या. तेव्हा आज ना उद्या तुमच्याही शाळेच्या दारात खोक्यांनी भरलेला टेम्पो येऊन थांबेल. तो यायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून लिहितेय.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्याकडे लॅब येऊन सहा वर्षं झाली आणि पहिल्या दिवसापासून तिचा चार्ज माझ्याकडे आहे. चार्ज म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर, सही माझी.

पहिलं वर्ष कसं गेलं ते आधी सांगते, कारण त्यात चूक माझीच होती. थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचे संच, सेन्सर, मल्टिमीटर, ड्रिल, सोल्डरिंग आयर्न असं सगळं आलं. एकेक वस्तू रजिस्टरला चढवली, काचेच्या कपाटात ओळीनं मांडली आणि कुलूप लावलं. उद्घाटनाला प्रिंटरवर पाहुण्यांच्या नावाची की-चेन काढून दिली, टाळ्या झाल्या, चहा झाला. त्यानंतर जूनपासून मार्चपर्यंत ते कपाट मी किती वेळा उघडलं असेल? फार तर सात-आठ वेळा, आणि त्यातले दोन दिवस तपासणीचे. मुलं काचेला नाक लावून बघायची. भीती एकच: तुटलं तर? तीस रुपयांचा सेन्सर जळाला तरी त्याचं निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून नाव कमी करायचं तर यादी, ठराव, प्रस्ताव, सह्या. आम्हा शिक्षकांची सगळी नोकरी वस्तू जपण्यात जाते, आणि टिंकरिंगची पहिली अट वस्तू बिघडू देणं ही आहे. आमच्या घरी याला 'उचापती' म्हणायचे आणि त्याबद्दल मार मिळायचा.

कुलूप उघडलं ते प्रिंटर बंद पडल्यामुळे. वितळलेलं प्लॅस्टिक जिथून बाहेर पडतं ती नोझल तुंबली. कंपनीच्या माणसाला फोन केला तर अडीच हजार व्हिजिट चार्ज, वर पार्ट बदलावा लागेल तो वेगळा. प्रिंटरवर कापड टाकलं. चार महिने तो तसाच, नवरदेवासारखा झाकलेला. एक दिवस आठवीतला एक मुलगा, त्याच्या मामाचं एसटी स्टँडजवळ सायकलचं दुकान आहे, म्हणाला, "बाई, हे आमच्या आजीच्या स्टोव्हसारखंच आहे की." दुसऱ्या दिवशी त्यानं स्टोव्हची पिन आणली. पत्र्याच्या पट्टीला केसासारखी तार बसवलेली असते ती, रॉकेलचा स्टोव्ह फुरफुरायला लागला की घालायची. प्रिंटरच्या नोझलचं भोक ०.४ मिलिमीटर. नोझल दोनशे अंशांपर्यंत तापवली, त्यानं खालून पिन घातली, दोनदा वरखाली केली. आधी तपकिरी जळका थेंब पडला, मग पांढरा धागा सुरू झाला. पिन पाच रुपयांची.

त्या दिवशी कपाटाची किल्ली मी टेबलावर ठेवली. अजून तिथेच असते. सहा वर्षांत एक मल्टिमीटर आणि दोन पक्कडी गेल्या. त्यातली एक पक्कड परत आली.

आता माझा मुद्दा. स्वतःच्या हातानं वस्तू बनवणाऱ्यांची, मेकर म्हणून जी चळवळ जगभर पसरली, तिच्याबद्दल मला आदर आहे आणि रागही आहे. दोन्हीची कारणं तुमच्यापुढे ठेवते, म्हणजे लॅबचं काय करायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

चळवळीचा थोडक्यात इतिहास असा. १९९८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात नील गर्शेनफेल्ड यांनी 'जवळजवळ काहीही कसं बनवायचं' या नावाचा वर्ग सुरू केला, त्यातून पुढे फॅब लॅबची, म्हणजे कोणीही येऊन यंत्रांवर वस्तू बनवावी अशा कार्यशाळेची, कल्पना निघाली. २००५ साली इटलीत आर्डुइनो आलं, त्याच वर्षी अमेरिकेत मेकरांचं नियतकालिक निघालं, पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात पहिला मेळा भरला. ते नियतकालिक आणि मेळे चालवणारी कंपनी २०१९ साली बसलीही. एवढं पुरे.

यात आपल्या कामाची गोष्ट पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून ते या कोरडवाहू गावात आले. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं, आणि तेही पुठ्ठ्याचं मॉडेल नाही. वेल्डिंग, वायरिंग, शेती-जनावरं, माती-पाण्याची तपासणी, घर आणि आरोग्य अशी कामं, गावाला लागणारी आणि गावानं पैसे मोजून घ्यावीत अशी. शिकवायला गावातलेच कारागीर. २००२ साली पाबळला फॅब लॅब झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी ती एक. म्हणजे लेझर कटर आला तेव्हा तिथे वीस वर्षं भट्टी पेटलेली होती. आपण मात्र उलट क्रमानं चाललोय. आधी प्रिंटर आणतो आणि मग त्याला काम शोधत बसतो.

आणि काम शोधताना काय सापडतं? स्मार्ट डस्टबिन. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात एका वर्षी मी मोजले, चौदा होते. अंतर मोजणारा सेन्सर, छोटी सर्व्हो मोटर, हात पुढे केला की झाकण उघडतं. त्यातला एक आमचा. बक्षीस मिळालं म्हणून तो आम्ही स्टाफरूमच्या दारात ठेवला. पहिल्याच संध्याकाळी मावशींनी तो नेहमीसारखा उलटा करून रिकामा केला, सर्व्होची वायर निघाली, आणि वर त्यांनाच बोलणी बसली. बोलणाऱ्यांत मी होते. डबा रोज रिकामा करणाऱ्या बाईला डबा कसा हवा, हे आम्ही दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, झाकण नकोच, बूड जड करा, वाऱ्यानं पडतो.

डेबी चाच्रा या अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापिकेनं २०१५ साली लिहिलं होतं की मी स्वतःला मेकर म्हणवून घेत नाही. नवी वस्तू घडवणाऱ्याला मान द्यायचा आणि शिकवणं, सांभाळणं, दुरुस्त करणं, आजारी माणसाचं करणं ही कामं खालची धरायची, आणि ती कामं बहुतेक बायकांच्या वाट्याची, असा त्यांचा आक्षेप. ते वाचताना मला मावशी आठवल्या. लिआ ब्यूकली यांनी तर मोजूनच दाखवलं. कापडावर शिवता येणारा लिलीपॅड आर्डुइनो त्यांचाच. २०१३ साली त्यांनी चळवळीच्या त्या नियतकालिकाची मुखपृष्ठं तपासली: त्यांवरची ८५ टक्के माणसं पुरुष नाहीतर मुलगे, आणि गोऱ्यांखेरीज एकही चेहरा नाही.

आपल्याकडे मुखपृष्ठं मोजायची गरज नाही, लॅबच्या दारातल्या चपला मोजा. आमच्याकडे पहिली दोन वर्षं मुलींच्या चपला भिंतीकडेच्या कोपऱ्यात, तीन-चार जोड. मग नववीतल्या एका मुलीच्या आईला बोलावलं. त्या गावात ब्लाऊज शिवतात. "मी काय शिकवणार बाई, मी सातवी नापास," असं म्हणत आल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदावर कटोरी ब्लाऊजचं कटिंग करून दाखवलं. सपाट कागदाचे दोन वाकडे तुकडे, एकाची कड दुसरीपेक्षा किंचित लांब, आणि टाचले की सपाटाचा गोल झाला. कटोरी किती खोल होणार ते त्या लांबीच्या फरकावर ठरतं. प्रिंटरसाठी आकार काढायच्या सॉफ्टवेअरवर मुलांना हेच जमत नव्हतं. अर्ध्या तासात मापाच्या टेपनं त्या बाईंनी समजावलं. लॅबच्या रजिस्टरमध्ये शिलाई मशीन नव्हतं. आता आहे, जुनं, दान आलेलं. चपला मोजायच्या आता मी सोडून दिल्यात.

राग येतो तो या ठिकाणी. ज्या कामाला आपण आज मेकर, इनोव्हेटर म्हणून टाळ्या वाजवतो, तेच काम लोहार, सुतार, चांभार, कुंभार करत होते तेव्हा त्यांना कशावर ठेवलं होतं? बलुत्याच्या पायलीवर. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलंय की जात ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. लॅबमध्ये एप्रन घालून लाकूड तासणारा मुलगा 'डिझाइन थिंकिंग' करतो, आणि शाळेच्या भिंतीपलीकडे रंधा मारणारा सुतार अडाणी. हिशेबही तसाच. एका लॅबला उभारणीसाठी एकरकमी १० लाख आणि चालवायला पाच वर्षांत आणखी १० लाख. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिराला अवजारांसाठी १५ हजार. शाळेचे पैसे कमी करा असं मी म्हणणार नाही, वेडी नाही. पण २० लाखांच्या खोलीत १५ हजारांचा माणूस गुरू म्हणून का येऊ नये, एवढं विचारते.

इथे एक धोका आहे, तो लपवत नाही. मुलांना हातकाम शिकवायचं म्हटलं की आपल्या देशात लगेच कोणीतरी म्हणतं, कुंभाराच्या पोरानं मडकी घडवावीत. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी अशी योजना आणली होती: प्राथमिक शाळा अर्धा दिवस, उरलेला वेळ मुलानं बापाचा धंदा शिकायचा. लोकांनी तिला कुलधंद्याचं शिक्षण म्हणून झोडपलं आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. बरंच झालं. म्हणून सांगते, सुताराच्या पोरानं सुतारकी शिकावी असा माझा आग्रह नाही. तहसीलदाराच्या पोरानं शिकावी, आणि सुताराकडून शिकावी, त्याला 'सर' म्हणून.

पण कारागिरांच्या जगाची आरती मला ओवाळायची नाही. मी त्याच घरातली आहे. आमचे अण्णा मोटर रिवाइंडिंग करायचे. विहिरीवरच्या पंपाचा जळका स्टेटर, म्हणजे मोटरचा तारेच्या कॉइलचा स्थिर भाग, आला की घरभर करपलेल्या वार्निशचा वास. जुनी कॉइल कापायची, एकेक वेढा मोजत सोडवायचा, तारेचा गेज बघायचा, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली ते टिपायचं, आणि मग नवी भरायची. हे सगळं अण्णा एका लाल डायरीत लिहायचे. कोणत्या कंपनीची किती हॉर्सपॉवरची मोटर, किती वेढे, किती नंबरची तार. ती डायरी कुलपात. समोरच्या दुकानातल्या मिस्त्रीला दिसू नये म्हणून. दुकानातल्या पोरांना अण्णा दोन-दोन वर्षं नुसतं साफसफाईला ठेवायचे, चुकलं तर पान्हा उगारायचे. भावाला वाइंडिंग शिकवलं. मला नाही. मी कागद कापून द्यायची, खाचेत तारेखाली घालायचा तो लेदरॉइड पेपर, इतका मापात की अण्णा माझ्याशिवाय कोणाकडून कापून घेत नसत. पण तार हातात दिली नाही.

मेकरांनी जगाला काही दिलं असेल तर ते या डायरीचं कुलूप काढणं. आर्डुइनोचं सर्किट कोणीही बघावं, उतरवावं, बदलावं. चुकलं तर विचारावं, विचारल्यावर पान्हा उगारू नये. मुलगी आहेस म्हणून तार काढून घेऊ नये. हे आमच्या आळीत नव्हतं. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत याचा उपयोग उघड दिसला. मुंबईत २०१३ साली सुरू झालेल्या मेकर्स असायलम या कार्यशाळेनं फेस शील्डचा आराखडा खुला केला, आणि ४२ शहरांतल्या लोकांनी मिळून ४९ दिवसांत दहा लाख शील्ड बनवले. कोणा एकाच्या कारखान्यातून ते झालं नसतं. अण्णांच्या डायरीतून तर नाहीच.

तर असं आहे. मिस्त्रीकडे हात आहे, कुलूपही आहे. लॅबकडे खुलेपणा आहे, पण हाताला काम नाही. दोघांना एका टेबलाशी बसवायचं, याहून मोठी कल्पना माझ्याकडे नाही.

बसवायचं कसं, तर दुरुस्तीनं. आमच्या शाळेतले अकरा पंखे इतके मंद होते की काठीनं ढोसल्याशिवाय सुरू व्हायचे नाहीत. गावातल्या वायरमनना बोलावलं. मेन स्विच काढून त्यांनी एक पंखा उतरवला आणि कंडेन्सर दाखवला, अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा), फुगलेला. दहावीच्या पुस्तकात मोटर आहे, पण ती डीसीची. छताला फिरतेय ती कशी फिरते, हे मीच त्या दिवशी नीट समजून घेतलं: आत दोन वाइंडिंग, एकातली वीज कंडेन्सरमुळे दुसरीच्या पुढे सरकते, त्या पुढेमागेपणानं चुंबकक्षेत्र गोल फिरतं आणि त्याच्यामागे पंखा. कंडेन्सर म्हातारा झाला की पुढेमागेपणा कमी, म्हणून काठी. मुलांनी मीटर लावून अकराही मोजले. आठ बाद निघाले, पन्नास रुपयांना एक. बाकीच्या तिघांचे बेअरिंग सुकले होते. आमच्या शाळेतला सर्वांत उपयोगी विज्ञान प्रकल्प तोच, आणि त्याला प्रदर्शनात पाठवायची सोय नव्हती, कारण त्यात नवं काही नव्हतं.

मिस्त्रींना फुकट बोलावू नका, हे मात्र पाया पडून सांगते. 'शाळेसाठी एवढं करा की' म्हणून आपण त्यांची दिवसाची मजुरी बुडवतो आणि वर शाल-नारळ देतो. आमचे माजी विद्यार्थी वर्गणी काढतात, त्यातून तासाला तीनशे रुपये देतो. तुम्ही कोणत्या हेडखाली बसवायचं ते बघा. कोणी अडवलं तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली शिकावं, असं त्यात छापलेलं आहे. बहुतेक ठिकाणी त्या दहा दिवसांत मुलं रांगोळ्या काढतात, तो भाग वेगळा.

आणि खरेदीची यादी घाईनं भरू नका. आधी शाळेच्या फाटकापासून स्टँडपर्यंत चालत जा आणि कोणाच्या हातात कोणतं हत्यार आहे ते वहीत लिहून काढा. आमच्या एक किलोमीटरात सोळा जण निघाले, एक स्प्रिंग पाट्यांचे विळे बनवणारे आणि एक चष्म्याच्या काड्या जोडणारे धरून. मग ठरवा प्रिंटरचं प्लॅस्टिक किती किलो लागेल. आमच्याकडे पहिल्या वर्षाचं रीळ अजून अर्धं शिल्लक आहे.

अण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, दुकान बंद केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना लॅबमध्ये आणलं, शाळेच्या टाकीची मोटर जळाली होती म्हणून. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, वेढे किती? अण्णा गप्प. मग खिशातून डायरी काढली आणि तिच्यासमोर उघडी ठेवली. तिनं फोनवर फोटो काढला. मी बघत होते, अण्णा काही बोलतील म्हणून. ते एवढंच म्हणाले, "सदतीसचा आकडा नीट दिसत नाही, जवळून काढ." आता त्या डायरीची सगळी पानं मुलांनी टाइप केली आहेत. समोरच्या दुकानातला मिस्त्रीसुद्धा मागून घेऊन गेला.

आमची लॅब शनिवारी सकाळची शाळा सुटली की साडेअकरा ते दोन उघडी असते. बघायला या. येताना घरातला बंद पडलेला मिक्सर नाहीतर इस्त्री घेऊन या. रिकाम्या हातानं आलेल्या पाहुण्यांचं काय करायचं, ते आमच्या मुलांना कळत नाही.

आपली,
चार्ज असलेली एक विज्ञान शिक्षिका